जुनी पाँटून बोट मागून बसते: फोम, पिंपं की तिसरी ट्यूब?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन ट्यूबची जुनी पाँटून बोट, म्हणजे बंद पोकळ ट्यूबांवर सपाट डेक बसवलेली बोट आहे, गोड्या पाण्यात चालवतो. ट्यूब ॲल्युमिनियमच्या, व्यास ६० सेंमी, लांबी ६ मीटर, आत प्रत्येकी तीन बंद कप्पे. दोन ट्यूबांच्या मध्यरेषांत १.८ मीटर अंतर आहे. डेक प्लायवूडचा, २.४ मीटर रुंद. आधीच्या मालकाने हलकं टू-स्ट्रोक काढून ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन लावलं आणि वर पक्कं छप्परही चढवलं.

दहा माणसं बसली की मागच्या बाजूला ट्यूबचा जेमतेम वरचा काठ पाण्याबाहेर राहतो. वेग कमी केला की मागून येणारी लाट थेट डेकवर चढते. सोबत लहान मुलं असतात, त्यामुळे हे असंच चालवायचं नाही.

तीन गोष्टी डोक्यात आहेत. ट्यूबमध्ये फोम भरणं, डेकखाली प्लास्टिकची पिंपं बांधणं किंवा मधोमध तिसरी ट्यूब बसवणं. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर लिहा.

सागरगोटा

फोम भरून टाका. दोन घटक मिसळून ओतायचा पॉलियुरेथेन फोम मिळतो, आत फुगून बसतो. सगळ्यात कमी खटपट.

चांदणी

माझाही प्रश्न जोडते. ट्यूबमध्ये पंपाने हवेचा दाब वाढवला तर बोट वर येईल का?

जलरेषा

सागरगोटा, फोमबद्दलचा हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बोटीला वर ढकलतं ते तिने बाजूला सारलेलं पाणी. एक लिटर पाणी सारलं की गोड्या पाण्यात एक किलो वजन तोललं जातं, समुद्रात थोडं जास्त, साधारण १.०२५ किलो. ट्यूबच्या आत काय आहे याचा त्या सारलेल्या पाण्याशी संबंध नाही, बाहेरचं आकारमान तेवढंच राहतं. आत हवा असेल तर वजन जवळपास शून्य. ओतायचा फोम साधारण ३२ किलो प्रति घनमीटर भरतो. म्हणजे तुमच्या दोन ट्यूब पूर्ण भरल्या तर शंभर किलो वजन वाढेल आणि तेवढ्याने बोट खाली बसेल. फोमचं काम वेगळं आहे. ट्यूब फाटली तर पाण्याला आत जागा मिळू नये म्हणून तो असतो. तुमच्याकडे तीन-तीन कप्पे असल्याने ते काम आधीच बऱ्यापैकी झालेलं आहे.

चांदणी, दाबाचंही तसंच. एक बार (दाबाचं एकक, साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढं) जास्तीची हवा भरली तर घनमीटरमागे सव्वा किलोच्या आसपास वजन वाढतं. बोट वर येत नाही, ट्यूब फुटायचा धोका मात्र येतो. हेलियम भरला तरी या बोटीत तीन-साडेतीन किलोंचाच फरक पडेल.

आता हिशेब. पुढचं टोक निमुळतं असतं, म्हणून लांबी ५.६ मीटर धरते. एका ट्यूबचं आकारमान १.५८ घनमीटर, दोन्हींचं मिळून ३.१७. म्हणजे ट्यूब पूर्ण बुडतील तेव्हा बोट आणि माणसं धरून एकूण ३,१७० किलो तोलले जातील. पण तो आकडा वापरायचा नसतो. पूर्ण भार घेऊन ट्यूब निम्म्याच्या आसपास बुडाव्यात, म्हणजे १,५८५ किलोंच्या जवळ राहावं, हा जुना आणि शहाणपणाचा ठोकताळा आहे.

निम्मीच का, ते गोल आकारामुळे. निम्मी बुडालेली असताना पाण्याच्या पातळीवर ट्यूब सगळ्यात रुंद असते. तेव्हा तुमची बोट एक सेंटिमीटर खाली जायला ६७ किलो लागतात. ४८ सेंमी बुडाली की तोच सेंटिमीटर ५४ किलोंत जातो, ५४ सेंमीला फक्त ४० किलोंत. ट्यूब जितकी खाली जाते तितका तिचा प्रतिकार कमी होत जातो. शेवटची दोन माणसं चढल्यावर बोट एकदम बसल्यासारखी वाटते ती यामुळेच.

पण पाणकावळा, माझी कळकळीची विनंती अशी की काहीही जोडण्याआधी बोट मोजा. माणसं उतरवून, टाकी भरलेली ठेवून, शांत पाण्यात चारही कोपऱ्यांवर ट्यूब किती सेंमी बुडाली आहे ते बघा. मूळ पाटीवरचं कोरडं वजन आणि नंतर काय काय चढलं तेही लिहा. मग ठरवू.

वल्हंकरी

जलरेषाताईंना अनुमोदन. शिवाय फोम ॲल्युमिनियमला चिकटून ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेरून कळत नाही.

पिंपांबद्दल थोडं. २०० लिटरचं बंद तोंडाचं प्लास्टिकचं पिंप स्वतःचं वजन वजा जाता साधारण १९० किलो उचलतं. पण ते पाण्यात पूर्ण दबलं तरच. डेकच्या लगेच खाली, दोन ट्यूबांच्या मध्ये टांगलेलं पिंप पाण्याला टेकत नाही तोवर काहीच उचलत नाही. खाली उतरवलं तर त्याचं सपाट तोंड पाणी ढकलत चालतं, वेग जातो, मागे खळबळ होते आणि पट्टे सैल होतात. एका जागी नांगरून ठेवायच्या तराफ्याला पिंपं उत्तम. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला मी सुचवणार नाही.

पाणकावळा

सगळ्यांचे आभार. मोजमाप केलं. बुडालेली खोली अशी: डावी मागे ४२ सेंमी, डावी पुढे २६, उजवी मागे ३४, उजवी पुढे १८.

पाटीवर कोरडं वजन इंजिनाशिवाय ८७० किलो आहे. इंजिन १२०, इंधन, टाकी आणि बॅटरी मिळून ९५, छप्पर आणि त्याची चौकट ११५. एकूण १,२०० किलो व्हायला हवेत.

जलरेषा

छान मोजलंत. चारही आकड्यांची सरासरी ३० सेंमी येते. म्हणजे रिकामी बोटच निम्मी बुडालेली आहे, वजन १,५८५ किलोंच्या आसपास. तुमच्या यादीपेक्षा ३८५ किलो जास्त! म्हणजे चार-साडेचार अदृश्य माणसं कायम बसलेली आहेत.

ती कुठे बसली आहेत तेही आकडे सांगतात. डाव्या बाजूची सरासरी ३४, उजवीची २६. एवढं कलायला डावीकडे दोनशे-सव्वादोनशे किलो जास्त असायला हवेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा १६ सेंमी खाली आहे, ते फक्त इंजिनाचं काम वाटत नाही. माझा अंदाज, डाव्या ट्यूबच्या मागच्या कप्प्यात पाणी आहे. उरलेलं वजन डेकच्या प्लायवूडमध्ये आणि आसनांच्या स्पंजमध्ये मुरलं असणार. कोरडा १९ मिमी प्लायवूड चौरस मीटरला अकरा-बारा किलो भरतो, पाणी प्यायल्यावर तो हिशेब राहत नाही.

बोट बाहेर काढून आधी खालचा निचरा-बूच उघडा.

सागरगोटा

पण बूच घट्ट असेल आणि भोक पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर आत पाणी जाईल कसं? हे मला पटत नाही.

ठिणगी

मी ॲल्युमिनियमचं जोडकाम करतो, म्हणून या प्रश्नाचं उत्तर देतो. उन्हात ट्यूब तापते. आतली हवा २० अंशांवरून ५० वर गेली तर दाब दहा टक्के वाढतो, आणि केसाएवढी चीर असली तरी थोडी हवा बाहेर पडते. संध्याकाळी ट्यूब थंड झाली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ती चीर ओढून घ्यायला लागते. त्या वेळी चिरेवर पाणी असेल, लाटेचं, पावसाचं, तर तेच आत जातं. रोज थोडं थोडं. वर्षानुवर्षं चाललं की मोठा साठा होतो.

चीर बहुतेक वेळा ट्यूबला डेकशी जोडणाऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डच्या टोकाला असते. डेकचा सगळा हिसका तिथे येतो.

शोधायची रीत: प्रत्येक कप्पा वेगळा तपासा. हवा भरायची ती जास्तीत जास्त ०.१४ बार. यापुढे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. ६० सेंमी व्यासाच्या टोकाच्या झाकणावर तेवढ्या दाबाचाही जोर ४०० किलोंच्या जवळ जातो. टायर भरायच्या कॉम्प्रेसरला थेट जोडून लोकांनी ट्यूब फुगवून वाकड्या केल्या आहेत. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून तिच्यात पाणी भरा आणि कप्प्याला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत १.४ मीटर फरक आला म्हणजे ०.१४ बार. नळी त्यापेक्षा थोडीच उंच ठेवली तर दाब जास्त झाल्यावर पाणी बाहेर उडून जातं आणि हवा आपोआप सुटते. मापकही तेच, झडपही तीच. मग साबणाचं पाणी लावत फिरा.

आणि एक. वेल्डिंग करताना बूच उघडंच पाहिजे, आत पेट्रोलची वाफ नाही याची खात्री पाहिजे. फोम भरलेली ट्यूब असेल तर मी वेल्डिंगची टॉर्च लावतच नाही. पॉलियुरेथेन जळलं की हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो. आज फोम भरलात तर उद्याच्या दुरुस्तीचा दरवाजा बंद होतो, हेही लक्षात घ्या.

पाणकावळा

जलरेषाताईंचा अंदाज बरोबर निघाला. डाव्या ट्यूबच्या मागच्या कप्प्यातून बादल्या भरभरून पाणी आलं, मोजून साधारण २३० लिटर. चीर ठिणगीदादांनी सांगितली तिथेच, मागून दुसऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डच्या शेवटी सापडली. डेकचा प्लायवूड उचलला तर खालून काळा पडलेला आणि शिशासारखा जड. जिथे तो ॲल्युमिनियमच्या आडव्या चॅनलवर टेकतो तिथे पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात. हे कशाने?

ठिणगी

कीड लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड असणार. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नवा डेक टाकताना तांबं नसलेला मरीन प्लाय घ्या, त्याच्या कडा इपॉक्सीने बंद करा. तळाला तांबं असलेला रंगही लावू नका. स्टेनलेसचे बोल्ट वापरणार असाल तर मध्ये नायलॉनचे वॉशर आणि सीलंट द्या. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा ॲनोड (स्वतः झिजून ॲल्युमिनियम वाचवणारा तुकडा) चालतो, जस्ताचा खाऱ्या पाण्यासाठी.

चांदणी

म्हणजे आता तिसऱ्या ट्यूबची गरजच उरली नाही ना?

जलरेषा

गणित करून बघू. पाणी गेलं २३० किलो, नवा डेक आणि कोरडी आसनं यांमुळे अजून शंभरेक. रिकामी बोट साधारण १,२५५ किलो झाली. माणसाचं सरासरी वजन ८४ किलो धरा, सामान ६०. दहा माणसांचे ९०० किलो. एकूण २,१५५. ट्यूबच्या आकारमानाच्या ६८ टक्के, म्हणजे साधारण ३९ सेंमी बुडणार. पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं, पण निम्म्याच्या पुढेच आहे. सहा माणसांसाठी बोट आता ठीक आहे. दहा न्यायची असतील तर आकारमान वाढवावं लागेल.

पण त्याआधी वजन सरकवून जे मिळतं ते फुकटात घ्या. इंधन आणि टाकी मिळून साठ-सत्तर किलो मागे आहेत. ६० किलो अडीच मीटर पुढे आणले तर पुढच्या-मागच्या टोकांतला फरक जवळपास ५ सेंमीने कमी होतो. बॅटरीही पुढे घ्या.

वल्हंकरी

एक मुद्दा राहतोय. माझ्या ओळखीच्या एकाकडे याच मापाची बोट आहे, त्यावर चौदा जण बसतात आणि काही होत नाही. मग इथे दहाला एवढी काळजी का?

जलरेषा

वल्हंकरी, याच विचाराने माणसं गेली आहेत, म्हणून एक घटना सांगते. ६ मार्च २००४ रोजी बाल्टिमोरच्या बंदरात 'लेडी डी' नावाची पाँटून वॉटर टॅक्सी वाऱ्याच्या झोताने उलटली. बोटीवर २५ जण होते, पाच जणांचा मृत्यू झाला. चौकशीत दिसलं की तिची स्थिरता तिच्यावर चाचणी घेऊन ठरवलेली नव्हती. सारखी समजल्या गेलेल्या दुसऱ्या बोटीची चाचणी तिला लागू केली होती, आणि दोन्ही बोटी खरं तर सारख्या नव्हत्या. शिवाय तेव्हा माणशी १४० पौंड, म्हणजे ६३.५ किलो वजन धरत. प्रत्यक्षात माणसं त्याहून जड होती. पुढे २०११ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तो आकडा १८५ पौंड केला. मी वर ८४ किलो धरले ते तिथूनच.

त्या ओळखीच्यांच्या बोटीवर पक्कं छप्पर आहे का, इंजिन केवढं आहे, ट्यूब कोरड्या आहेत का, हे आपल्याला कुठे माहीत आहे? छपराचे ११५ किलो उंचावर आहेत. त्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि वाऱ्याला धरायला मोठी पाठ मिळते.

आता तिसऱ्या ट्यूबचं खरं रूप बघा, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ६० सेंमी व्यासाची, ५ मीटर लांबीची ट्यूब १.४१ घनमीटरची होते. अडीच मिमी पत्रा, पडदे, ब्रॅकेट धरून तिचं वजन ९५ किलोंच्या आसपास. उचलण्याची ताकद ४४ टक्के वाढली. पूर्ण भाराला ट्यूब ६८ ऐवजी ४९ टक्के बुडतील, आणि बोट साधारण ९ सेंमी वर येईल. हे फार छान आहे.

पण आडवी डोलण्याविरुद्धची ताकद? ती ट्यूब मध्यरेषेपासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर अवलंबून असते. बाहेरच्या दोन ट्यूबांचा आकडा ५.६४ येतो, मधल्या ट्यूबचा फक्त ०.०९. म्हणजे भार ४४ टक्के जास्त उचलाल, डोल मात्र दोन टक्क्यांनीही आवरत नाही. तिसरी ट्यूब बसवली म्हणून वर दुसरा मजला चढवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

तरी तिचा एक अप्रत्यक्ष फायदा मोठा आहे. समजा आठ माणसं काहीतरी बघायला एका बाजूला धावली. माझ्या ढोबळ हिशेबाने बोट सातेक अंश कलेल आणि त्या बाजूची ट्यूब अजून ११ सेंमी खाली जाईल. आता ३९ सेंमीवरून ५० वर जाते, म्हणजे वरती १० सेंमीच उरतात आणि प्रतिकार झपाट्याने संपत आलेला असतो. तिसऱ्या ट्यूबनंतर ३० वरून ४१ वर जाईल. हाताशी बरंच शिल्लक राहतं.

पाणकावळा

हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. मागे दोन छोटे डबे जोडायचा पर्यायही वाचला होता. त्याबद्दल?

ठिणगी

तुमच्या बोटीचं दुखणं मागेच जास्त आहे, म्हणून विचार करण्यासारखा आहे. त्याच व्यासाचा ७० सेंमी लांबीचा तुकडा दोन्ही ट्यूबांच्या मागे वाढवला तर प्रत्येकी जवळजवळ २०० किलोंचं आकारमान मिळतं, तेही इंजिनाच्या शेजारी आणि बाहेरच्या रेषेत, म्हणजे डोल आवरायलाही मदत. फक्त तुकड्याचा तळ ट्यूबच्या तळाच्या खाली येता कामा नये, आणि इंजिन वळवताना पंखा त्याला लागता कामा नये. सहा-सात माणसांपुरतं एवढंच पुरे. दहासाठी मी तिसरी ट्यूबच म्हणेन.

तिसरी ट्यूब करताना ५०५२ किंवा ५०८६ चा पत्रा, ५३५६ ची वेल्डिंग वायर (हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे क्रमांक). कप्पे तीन तरी हवेत, प्रत्येकाला स्वतःचं बूच. ब्रॅकेट थेट ट्यूबच्या पातळ पत्र्यावर वेल्ड करू नका, आधी गोलाईला बसणारी जाड पट्टी लावून त्यावर ब्रॅकेट घ्या, नाहीतर तुमच्याकडे सापडली तीच चीर नव्या जागी येईल. ६०६१-टी६ चे चॅनल वेल्ड केले की जोडाजवळ त्यांची ताकद जवळपास निम्मी होते, तिथे बोल्ट चांगले.

सगळ्यात महत्त्वाचं आडव्या चॅनलबद्दल. ते दोन टोकांवर टेकण्यासाठी बनवलेले आहेत. आता मधून तिसरी ट्यूब वर ढकलणार, म्हणजे बाक उलटा पडणार. प्रत्येक चॅनलला ट्यूब जोडा, एक आड एक नको. खड्डे पडलेले चॅनल आधी बदला.

मधली ट्यूब इंजिनाच्या पुष्कळ आधी थांबवून मागचं टोक निमुळतं करा, नाहीतर पंख्याला फेसाळ पाणी मिळून तो हवेत फिरल्यासारखा घसरतो. बोट ९ सेंमी वर येणार म्हणजे इंजिनही तेवढं खाली घ्यावं लागेल. तुमच्या इंजिनाचा दांडा तेवढा लांब आहे का ते आधी बघा.

चांदणी

मधली ट्यूब थोडी खाली बसवली तर बोट वळणावर आत झुकते असं वाचलंय.

ठिणगी

हो, वेगाने चालणाऱ्या बोटींत मुद्दाम तसं करतात. ६० हॉर्सपॉवरवर कुटुंब घेऊन फिरायला तिन्ही तळ एका पातळीत ठेवा.

पाणकावळा

ठरलं. चीर दुरुस्त, डेक नवा, टाकी आणि बॅटरी पुढे. हे झाल्यावर पुन्हा चार कोपरे मोजणार आणि मग तिसरी ट्यूब. तोवर सहाच माणसं. तयार झाल्यावर माणसं चढवण्याआधी तपासायची काही रीत आहे का?

जलरेषा

आहे. पाण्याचे २० लिटरचे कॅन माणसांच्या जागी ठेवा, एका माणसाला चार कॅन आणि वर थोडं सामान. काठाला बांधलेली बोट, आत कुणी नाही, इंजिन बंद. आधी सगळे कॅन आसनांवर ठेवून मोजा. मग थोडे थोडे करून एका बाजूला सरकवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची खोली लिहा. दोरीला टांगलेलं वजन आणि मागे पट्टी असली की कलही मोजता येतो. दोन कॅन सरकवल्यावर जितकी कलली, पुढच्या दोनला त्याहून बरीच जास्त कलली, तर तिथेच थांबा. तुमची मर्यादा त्या आकड्याच्या आधी आहे.

हे आकडे घेऊन नौकाबांधणीच्या अभियंत्याकडे जा आणि कलण्याची रीतसर चाचणी करून घ्या. जुन्या पाटीवरची माणसांची संख्या आता या बोटीला लागू नाही, नव्या ट्यूबनंतर तर नाहीच. नोंदणी आणि विमा असेल तिथेही बदल कळवा.

ठिणगी

आणि ट्रेलर विसरू नका. त्याच्या आडव्या पट्ट्या दोन ट्यूबांच्या मापाच्या आहेत. तिसऱ्या ट्यूबखाली आधार दिला नाही तर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी मधले ब्रॅकेट तुटतील. मापं पाठवा, आधाराचा आराखडा मी काढून देतो.